सईला मारणारी पोरगी

आमच्या वन्संइतकी भांडकुदळ बाई गोदावरीच्या अलीकडे झालेली नाही. पलीकडचं मला माहीत नाही, पण तिकडं असती तर दोघींचा आवाज पैठणच्या पुलावर एकमेकींना भिडला असता आणि आम्हाला कळलं असतं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. एका सरकारी कचेरीत त्यांनी नोकरी केली आणि नोकरीभर साहेबांशी, शिपायांशी, कपाटाच्या किल्लीशी आणि खिडकीबाहेरच्या लोकांशी त्या भांडल्या. निरोपसमारंभात साहेब फार रडले, ते आनंदाने रडले असं माझं मत आहे. निवृत्तीनंतर ही सगळी ताकद आमच्या पुंडलिकनगरात मोकळी सुटली. टँकरवाला आमची गल्ली चुकवून जायला लागला. भाजीवाला त्यांना लांबून बघून कोथिंबीर आधीच मोफत टाकायचा, तरी त्या भांडायच्या, कारण न मागता कोथिंबीर देणाऱ्याचा भाव संशयास्पद असतो. फोनवर ध्वनिमुद्रित केलेली बाई 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणाली की वन्सं तिलाही विचारायच्या, "का म्हणून?"

अशा बाईला बॉक्सिंग कुणी दाखवावं? शेजारणीने दाखवलं. शेजारणीच्या नातीची शाळेची स्पर्धा होती आणि सोबतीला कुणी नव्हतं म्हणून वन्सं गेल्या. नात हरली. ती सरळसरळ जिंकली होती असं वन्संचं म्हणणं, आणि ते त्यांनी पंचांना जिथल्या तिथं ऐकवलं. पंच तरुण होता. तो म्हणाला, "आजी, खाली बसा. तुम्हाला यातलं काय कळतं?" त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं की या एका वाक्याने त्याने जिल्ह्याच्या क्रीडाक्षेत्रावर काय आणून सोडलंय. वन्संनी नियमांचं पुस्तक मिळवलं, दारं लावून वाचलं, जे कळलं नाही त्यावरून तीन प्रशिक्षकांशी भांडल्या आणि चक्क पंचांची परीक्षा पास झाल्या. जन्मभर नऊवारीसारखी घट्ट पाचवारी नेसलेली ही बाई एके सकाळी पांढरी पँट, पांढरा शर्ट आणि पांढरे बूट घालून आमच्या दारात उभी राहिली. माझ्या नवऱ्याने दार उघडलं आणि अदबीने विचारलं, "कोण पाहिजे?" सख्ख्या बहिणीला! पुढे आठवडाभर त्याचंही ऐकावं लागलं.

पंच होऊन थांबतील तर त्या वन्सं कसल्या? त्यांनी क्लब काढला. मारुतीच्या देवळामागे कॉलनीचं एक सभागृह आहे. तिथे सकाळी योगवाले, दुपारी भजनी मंडळ आणि संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक बसत. वन्सं तिघांशीही भांडल्या आणि सकाळ जिंकून आल्या. योगवाले फार शांत लोक, ते शांतपणे गच्चीवर गेले. ठोसे मारायची पिशवी विकत घेणं वन्संना उधळपट्टी वाटली. त्यांनी गोणपाटाच्या पोत्यात घरोघरच्या जुन्या चिंध्या भरल्या. माझ्या नवऱ्याने कपाटातून जे गाठोडं उचलून दिलं त्यात माझी मोतिया रंगाची रेशमी साडी होती. ती अजून त्या पोत्यात आहे आणि रोज सकाळी पंधरा-वीस पोरी तिला बडवतात.

क्लबला स्वयंसेवक लागतात. ते वन्सं मागत नसत, जाहीर करत. माझा नवरा फेरीची वेळ सांभाळणार आणि पितळी घंटा वाजवणार, असं त्याला इतरांकडून कळलं. कोपऱ्यावरचा निवृत्त कंपाउंडर प्रथमोपचार बघणार. मी वजनकाटा आणि उपमा बघणार. मी म्हटलं, "वन्सं, स्वयंसेवक म्हणजे स्वतःहून येणारा माणूस."

"मग ये की स्वतःहून," त्या म्हणाल्या. "मी कुठं नाय म्हणते?"

त्यांना माणसं माणसांसारखी दिसेनाशी झाली होती. हळदीकुंकवाला कुणाची नवी सून वाकून नमस्कार करायला आली की या आशीर्वाद देण्याआधी तिच्या खांद्यांकडे बघत आणि सासूला सांगत, "चोपन्न किलोत बसंल. हात लांब हायेत. पाठवा." पोरी मात्र येत, हे मान्य केलं पाहिजे. वन्सं त्यांच्यावर ओरडत, त्यांच्या आयांवर ओरडत आणि कुणी पोरगी दोन दिवस आली नाही तर तिच्या घरी जाऊन बापावर ओरडत. माझी लेक सई त्या वेळी नववीत होती. तीही जायला लागली. मी काही बोलले नाही, कारण राज्यस्तरावर खेळलं की दहावीला खेळाचे गुण मिळतात, हे मी आधीच चौकशी करून ठेवलं होतं.

पहिली जिल्हास्पर्धा वन्संनी आमच्याच सभागृहात भरवली, आणि ती नेमकी नळाला पाणी येण्याच्या दिवशी. आमच्या शहरात पाण्याच्या दिवशी लोक सोयरिकीला जात नाहीत. अर्धे स्वयंसेवक मोटार लावायला घरी पळाले. प्रमुख पाहुणे आले आणि त्यांनी भाषणात हा खेळ कुस्तीच आहे असं धरून लाल मातीचं फार कौतुक केलं. त्यांच्यानंतर आणखी चार पाहुणे बोलले. शाली वाटून झाल्या, नारळ वाटून झाले, ज्यांनी शाली वाटल्या त्यांनाही शाली देऊन झाल्या, तोवर पोरी हातांना पट्ट्या बांधून भिंतीशी ताटकळत बसलेल्या. वन्सं ध्वनिक्षेपकाची वायर काढणार होत्या, नवऱ्याने हात धरला म्हणून वाचलं.

सईच्या वजनगटात दुसरी मुलगीच नव्हती. सईचं नाव पुकारलं, ती रिंगणात गेली, समोरचा कोपरा रिकामा होता. पंचाने तिचा हात उचलला आणि तिला सुवर्णपदक मिळालं. पुढे विभागातही असंच काहीसं झालं असतं तर राज्यस्तर आणि गुण एकही ठोसा न खाता पदरात पडले असते. इतका सोयीचा खेळ मी दुसरा पाहिला नाही. मी पेढे वाटले. नवऱ्याने फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. संध्याकाळी वन्सं घरी आल्या, पेढा हातात घेतला आणि सईला विचारलं, "कुणाला हरवलंस?"

सईने पदक गळ्यातून काढून मुठीत धरलं.

"खुर्चीला हरवलंस का? कोपऱ्यात ती एकटीच व्हती." आणि पेढा परत डब्यात ठेवला. सई उठून आतल्या खोलीत गेली. तिचं रडणं बाहेर ऐकू येत होतं. मी वन्संना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, ही धोक्याची खूण होती. जाताना म्हणाल्या, "तिला मारणारं कुणीतरी पायजे. बघते मी."

मला वाटलं, बोलायची तऱ्हा. पण दुसऱ्याच आठवड्यापासून ही बाई स्कूटरवर हेल्मेट आणि त्यावरून पदर घेऊन गावोगाव हिंडायला लागली. अजिंठ्याकडच्या शाळा झाल्या. तिथल्या हेडमास्तरांनी चहा पाजला आणि मुलींना पाठवायला नकार दिला, तेव्हा वन्सं चहाचे पैसे टेबलावर आपटून आल्या. शेवटी देवगाव रंगारीच्या बसस्थानकावर त्यांना हवी ती पोरगी सापडली. एसटी लागली होती, दाराशी झुंबड उडालेली, आणि एक सडपातळ पोरगी डाव्या कोपराने भलेभले बाजूला सारून सगळ्यांत आधी आत शिरली आणि खिडकीची जागा धरून बसली. वन्सं स्कूटर तिथेच टाकून त्याच एसटीत चढल्या आणि तिच्या मागोमाग थेट तिच्या घरी पोचल्या. पोरीचं नाव मनीषा. बाप मेंढरं राखायचा आणि हंगामात मजुरीला जायचा. तो म्हणाला, "बाई, पोरीला मारामाऱ्या शिकवता व्हय?"

"मारामारी ती आत्ताबी करती," वन्सं म्हणाल्या. "मी कुठं थांबायचं ते शिकवते."

"आन् नाक मोडलं तर?"

"माझं मोडलेलं नाय अजून. आन् मी तुमच्यापेक्षा लई जणांशी भांडले."

बाप हसला आणि तिथेच फसला. त्यानंतर दर रविवारी पहाटे वन्सं कसाबखेड्याच्या पुढे पार मनीषाच्या गावापर्यंत स्कूटर हाकत जायच्या आणि गावातल्या शाळेच्या ओट्यावर मनीषाला शिकवायच्या. तिच्याबरोबर आणखी दोघी-तिघी यायला लागल्या. मला हे सगळं महिनोन्‌महिने ठाऊक नव्हतं. नवऱ्याला ठाऊक होतं, कारण वेळ मोजायला तोही दोनदा जाऊन आला होता. तो एकदा जेवताना बोलून गेला, "मनीषाचा डावा हात काय जोरात येतो गं. सईला जड जाणार."

माझा घास हातातच राहिला. मी तशीच उठून वन्संच्या घरी गेले. "सख्ख्या भाचीला मारायला माणूस तयार करताय?"

"व्हय," त्या मेथी निवडत म्हणाल्या. "दुसरं कोण करणार? तुला तर रिकामी खुर्चीच पायजे."

"तिच्या दहावीच्या गुणांचं काय?"

"गुण शाळेत मिळतात. इथं डाव्या हाताचं उत्तर मिळतं."

"सईला सांगितलंय का हे?"

"तिलाच तर सांगितलं आधी. तुला नाय सांगितलं."

म्हणजे माझ्या घरातली सगळी माणसं कटात सामील होती आणि मी एकटी उपमा करत होते.

दुसऱ्या वर्षीची स्पर्धा आली. या वेळी भाषणं छोटी झाली, कारण वन्संनी प्रत्येक पाहुण्यामागे माझ्या नवऱ्याला घंटा घेऊन उभं केलं होतं. सई लाल कोपऱ्यात, मनीषा निळ्या. वन्संची पोरगी दोन्हीकडे, म्हणून त्या एकाही कोपऱ्यात उभ्या राहिल्या नाहीत, पंच म्हणूनही बसल्या नाहीत. मागच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, तोंड मिटून उभ्या होत्या. पहिल्या फेरीत सई चांगली खेळली. दुसऱ्या फेरीत मनीषाचा तो डावा हात आला. आवाज सभागृहभर झाला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा सई मागे सरकली होती, पण उभी होती, आणि पुन्हा पुढे जात होती. नवरा घड्याळाकडे बघायचं सोडून लेकीकडे बघत होता. त्याने घंटा उशिरा मारली आणि त्याच्या बहिणीने भिंतीपासून त्याला उद्देशून पहिला आणि शेवटचा शब्द उच्चारला, तोही इथे लिहिण्यासारखा नाही. तिसऱ्या फेरीत दोघी दमल्या होत्या, हात खाली आले होते, तरी एकीनेही पाय मागे घेतला नाही. पंचाने मनीषाचा हात उचलला.

मनीषा राज्यस्तरावर गेली, तिथे पहिल्याच लढतीत हरून आली. सईला दहावीला खेळाचे गुण मिळाले नाहीत. मी वन्संशी बोलणं टाकलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण आमच्या दोघींच्या वाट्याचं त्याच बोलत असत. स्पर्धेच्या रात्री सई सुजलेल्या ओठांनी वरणभात गिळत बसली होती. मी म्हटलं, "पुरे झालं आता. उद्यापासून जायचं नाही."

ती म्हणाली, "आई, मनीषा शनिवारी मुक्कामाला येणार आहे. तिला मेथीची भाजी आवडत नाही, दुसरं काहीतरी कर." मग थोडं थांबून म्हणाली, "मागच्या वर्षीचं पदक मी आत्याला परत देऊन टाकलंय." मी तिच्या ताटात आणखी वरण वाढलं. दुसरं काय करणार?

तेव्हापासून शनिवारी आमच्या हॉलमध्ये देवगावकडच्या पोरी झोपायला लागल्या. आधी एक, मग तिघी, मग मी मोजणं सोडलं. एकमेकींच्या नाकाडावर गुद्दे मारायचे आणि रात्री एकाच सतरंजीवर खिदळायचं, हा काय खेळ आहे, हे मला आजही कळलेलं नाही. जिल्ह्याच्या पुढच्या स्पर्धेत सईच्या वजनगटात एकही कोपरा रिकामा नव्हता. वन्संनी हे मला मुद्दाम येऊन सांगितलं, जणू काही त्या मुली मी मागवल्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात वन्संचे गुडघे पूर्ण गेले. बंगळुरूचा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. जाताना त्या टॅक्सीवाल्याशी नीट भांडल्यासुद्धा नाहीत. सामान कसंही ठेवू दिलं. गाडी वळल्यावर मी मोठा श्वास सोडला आणि नवऱ्याला म्हटलं, "सुटलो." सभागृह उघडायला माणूस हवा, म्हणून मी जाते. पोरी येतात, सई नि मनीषा धाकट्यांना शिकवतात, उपमा संपतो. योगवाल्यांनी सकाळ परत मागितली तेव्हा मी त्यांच्याशी चार शब्द बोलले. ते पुन्हा गच्चीवर गेले.

मागच्या रविवारी मी तिथूनच वन्संना फोन लावला. पोत्याची शिवण उसवली होती, रिंगणाचा दोर सैल झाला होता आणि हा सगळा पसारा माझ्या गळ्यात बांधून आपण मजेत कशा राहता, असं चांगलं खडसावून विचारायचं होतं. त्यांनी फोन उचलला. आवाज इतका हळू की आधी मला वाटलं चुकीचा नंबर लागला.

"काही काम हाय का सुनंदा, का नुसताच केलास?"

मी म्हटलं, "नुसताच."

मग दोघी गप्प. आमच्या इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. माझ्या मागे सई आणि मनीषा खेळत होत्या. हातमोज्यांचा तो धप-धप आवाज चालला होता, मधेच एक जोरात बसला. तिकडे वन्संनी श्वास घेतलेला मला ऐकू आला.

"ठेवू नको लगेच," त्या म्हणाल्या.

मी रिंगणाजवळ गेले आणि फोन दोराच्या आत धरून उभी राहिले.