चंद्राकाकीचं बिनस्लॅबचं घर

चौलात आमच्या आळीत बोलतात, चंद्राकाकीने सख्ख्या भाच्याची मजुरी बुडवली, म्हणून तिचं घर उघडं राहिलं.

साफ खोटं. काकीने पाटल्या मोडून जीवनला सगळे पैसे आधीच दिले होते.

जीवन म्हणजे तिच्या श्रीवर्धनच्या भावाचा, हिरामणमामांचा मुलगा. स्वतःला कॉन्ट्रॅक्टर म्हणवतो. लायसन नाही, करारनामा नाही. एक मिक्सर आणि एक गॉगल. काकीनेही कधी पावती मागितली नाही. "भाच्याकडं कसली पावती मागायची गो?"

भिंती उभ्या राहिल्या आणि जीवनचे फोन सुरू झाले. त्याचा आवाज मी हुबेहूब काढते: "आत्या, सळीचा रेट वाढला ना! टेन्शन नको घेऊ. थोडे अजून सोड, सोमवारी स्लॅब ओतू!" काकीकडे सोडायला काही उरलंच नव्हतं. मग त्याने फळ्या, टेकू, मिक्सर सगळं टेम्पोत भरलं आणि जाताजाता नाक्यावर सांगून गेला, आत्या पैसे देत नाय.

तेव्हापासून काकी मागच्या पडवीत निळ्या प्लास्टिकखाली राहते. मी पहिल्यांदा जीवन काढून दाखवला तेव्हा ती पोट धरून हसली. मग पदराने डोळे पुसत राहिली, बराच वेळ.

"मामांना सांग ना खरं काय ते!" मी म्हटलं.

"येडी हायस. त्याची बायको गेली. आता पोरगाच त्याला भाकर घालतो. मी बोलले तर हिरामण पोराला घराबाहेर काढील. मग त्याला कोन बघील?"

"भाऊबीजेला मामा समोर बसले की बोलशीलच तू. लाव पैज!"

"लावली. हरलीस तर जीवनचा आवाज पुन्हा काढायचा न्हाय. कुनाच्या म्होरं न्हाय."

भाऊबीजेला मामा आले. काकीने मुद्दाम पडवीतच पाट मांडला, पण मामांची नजर उघड्या खोलीकडे जायची ती गेलीच. ओवाळून झालं. तबकात ओवाळणी टाकून मामा खाली बघत म्हणाले, "बाय, पोराची मजुरी देऊन टाक गो. लोक माज्या तोंडावर बोलतात. तू अशी नव्हतीस."

निरांजनाची वात हलली. मी दाराशी. आता बोलेल, आता बोलेल. माझ्याच जिभेवर जीवन आला होता. काकीने नुसतं माझ्याकडे बघितलं.

"देते रे," ती मामांना म्हणाली. "करंजी घे आधी."

मामांनी करंजी खाल्ली, दुसरी मागून घेतली.

हरले मी. आता नाक्यावर पोरं "ए, जीवन काढ की!" म्हणून मागे लागतात, तेव्हा मी त्यांना आमच्या गणिताच्या सरांचा आवाज काढून दाखवते.