चौकातलं कारंजं
बर्मिंगहॅमच्या चौकातल्या कारंज्यात मधे काही वर्षं माती भरून फुलं लावली होती. मला तेच बरं होतं. आता पाणी परत आलंय, आणि त्या क्लोरीनच्या वासाने जुना दिवस वर काढला.

दुकानाची जागा महिनाभर घासाघीस करून मीच पटवली होती. सहीच्या दिवशी या कारंज्यापाशी माझा भागीदार सुधीर म्हणाला, “तू इथेच थांब रे. तुझा आवाज चढला की मालक बिथरतो.”

मी थांबलो. पायऱ्यांवरून घसरणारं पाणी, तोंडावर बारीक तुषार. इतकं सुंदर काही मी कधी निवांत बघितलंच नव्हतं.

सुधीर किल्ल्या घेऊन आला. लीजवर त्याने एकट्याचंच नाव घातलंय, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी मात्र मी म्हणालो, “बघ तरी, काय कारंजं आहे.” आणि तो निर्लज्ज माझ्या खांद्यावर हात टाकून बघत राहिला.