उनाड क्रियापदांचा पाढा

नव्वदच्या दशकात, चामराजपेटमधल्या आमच्या घरी दिवेलागणीला परवचा होत असे. देवापुढे दिवा लागला की सतरंजीवर मांडी घालून पाढे म्हणायचे. अक्का, माझी थोरली बहीण, बी.ए. झाल्यावर पुन्हा त्या सतरंजीवर बसली. नोकरी लागली तर वर्षभर लग्नाचा विषय काढणार नाही, असे वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, कबूल केले होते. नाही लागली तर बेळगावचे स्थळ बघायला येणार होते. जयनगरच्या एका दंतवैद्याला दवाखान्यात पेशंटांची नावे लिहून घ्यायला मुलगी हवी होती. मुलाखत इंग्रजीत होती आणि अक्काचे सगळे शिक्षण कन्नडमधून झालेले.

अण्णांनी क्रियापदांच्या तीन जाती पाडल्या. भूतकाळात मुकाट ‘एड’ लावून घेणारी ती सालस. कट, पुट, शट ही ढिम्म. उरलेली उनाड. उनाडांचा पाढा ‘गो, वेंट, गॉन’पासून सुरू होई आणि ‘बे एके बे’च्या चालीवर चाळिसाव्या ओळीला संपे. आठ दिवसांत अक्का तो न अडखळता म्हणू लागली. मधली ओळ विचारली तर मात्र तिला पहिल्यापासून यावे लागे. आकड्यांच्या पाढ्यांतही आमचे तेच होते, त्यामुळे कुणाला त्यात वावगे वाटले नाही.

मुलाखतीला सोबत म्हणून मी गेले. बाकावरून आतले सगळे दिसत होते. डॉक्टरांच्या कपाळावर गंध होते आणि डोक्यामागे देवांच्या पाच तसबिरी.

“काल काय केलंत?” त्यांनी इंग्रजीत विचारले.

काल रविवार होता. अक्का दिवसभर झोपली होती. तिने डोळे मिटले, तिचे ओठ हलू लागले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि हात जोडले. सहा-सात ओळींनंतर झोपेची ओळ फार लांब आहे हे अक्काच्या लक्षात आले असावे. ती पहिल्या ओळीवर परतली.

“आय वेंट टु टेंपल.”

“सरी, ठीक आहे,” डॉक्टर कन्नडमध्ये म्हणाले. “गुरुवारपासून या.”

घरी अण्णांनी सगळे ऐकून घेतले.

“देवळात कधी गेलीस तू?”

“गेले नाही. झोप सत्ताविसावी आहे, अण्णा.”

“तुझ्या बाबतीत ती पहिलीच घ्यायला हवी होती. चुकलं माझं.”

बेळगावला नकार कळवला गेला. गुरुवारी डॉक्टरांनी अक्काच्या हातात फुलांची परडी दिली. इतकी भाविक मुलगी मिळाल्यावर तसबिरींची पूजा दुसऱ्या कुणी कशाला करायची, असे त्यांचे म्हणणे पडले. दवाखाना नऊला उघडे. अक्काने आठला यायचे ठरले. रविवार सोडून तिची सकाळची झोप गेली. एकही स्तोत्र पाठ नसल्याने वर्षभर ती उदबत्ती ओवाळत चाळीसच्या चाळीस ओळी पुटपुटत असे. मागे डॉक्टर हात जोडून उभे असत.