भूगोलाच्या बाई निघाल्या नेदरलँड्सला

आमच्या भूगोलाच्या बाईंइतकं जग ओळखणारं माणूस रायगड जिल्ह्यात दुसरं नसेल, आणि पनवेलच्या पुढे त्या आयुष्यात मोजून चारदा गेल्या होत्या, त्यातही दोनदा दाढेसाठी. रोह्याच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी आठवी-नववीला नद्या, वारे आणि पठारं शिकवली. डावं-उजवं हे शब्द त्यांच्या तोंडी कधी आलेच नाहीत. रिक्षात बसल्या की त्या म्हणत, "पुढच्या चौकातून नैर्ऋत्येला घे," आणि आमच्याकडचे जुने रिक्षावाले निमूटपणे घेतही. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला त्यांनी "वायव्येच्या बाजूला भात पोचला नाही" असं सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय. मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, हजेरीचे नंबर मात्र जन्मभर राहत. मी एकतीस. माझ्या लग्नात स्टेजवर येऊन त्यांनी माझ्या बायकोला आहेर दिला आणि गंभीरपणे सांगितलं, "हा एकतीस. मनाने चांगला आहे. सहामाहीला याने बंगालचा उपसागर गुजरातजवळ दाखवला होता, तेवढं सांभाळून घे." बायको अजून सांभाळून घेते आहे.

माझं दुकान एसटी स्टँडसमोर आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि कसलेही ऑनलाइन फॉर्म. आखातात नोकरीला जाणारे, कंपनीत भरतीला उभे राहणारे, शिष्यवृत्तीवाले, सगळे माझ्याकडे येतात. बाई निवृत्त झाल्या आणि दोन महिन्यांनी एका सकाळी प्लास्टिकची फाइल घेऊन दुकानात आल्या. पेन्शनचं काही असेल म्हणून मी खुर्ची दिली. त्यांनी समोर कागद ठेवला. परदेशातल्या एका विद्यापीठाचा, एका वर्षाचा अभ्यासक्रम होता. समुद्राचं पाणी, बांध आणि शेतजमीन असा काहीसा विषय. मी म्हटलं, "बाई, हॉलंडला शिकवायला जाताय?" त्या म्हणाल्या, "पहिली गोष्ट, नेदरलँड्स. हॉलंड हा त्यातला एक भाग. दुसरी गोष्ट, शिकायला."

त्यामागे एक कारण होतं, तेही त्यांनी फॉर्म भरता भरता, आईचं नाव आणि जन्मतारीख यांच्या मधे सांगून टाकलं. पेणच्या खाडीकाठी त्यांच्या वडिलांचं भातशेत होतं. बाई सातवीत असताना समुद्राच्या बाजूचा बांध फुटला, खारं पाणी आत आलं आणि दोन वर्षांत तिथे भाताऐवजी खारफुटीची तिवरं उगवली. वडील मग मिठागरावर मजुरीला जायला लागले. पुढे बाई स्वतः शिक्षिका झाल्या आणि दर वर्षी आठवीला शिकवत राहिल्या, की जगात एक देश असा आहे जो समुद्राच्या पातळीखाली आहे, आणि तिथले लोक बांध घालून त्यात बटाटे पिकवतात. दर वर्षी एखादं पोरगं विचारायचं, मग आपल्याकडे का नाही जमत? बाई म्हणायच्या, पुढचा धडा. "तीस वर्षं पुढचा धडा म्हणत आले रे," त्या मला म्हणाल्या, "आता पुस्तकच संपलं."

मग सुरू झाली तयारी. बाईंनी दोनशे पानी वही आणली आणि तिच्यावर 'अंदाजपत्रक' असं लिहिलं. युरोचे रुपये करून दाखवल्यावर पहिल्याच दिवशी त्यांना पाणी द्यावं लागलं होतं, त्यामुळे त्यांनी हिशोबाचं चलनच बदललं. त्या सगळं पेणच्या पोह्यांत मांडायला लागल्या. "रुपयांत पाहिलं की छातीत धडधडतं, पोह्यांत पाहिलं की नुसती भूक लागते," असं त्यांचं म्हणणं. तिथे केस कापायचे म्हणजे चाळीस किलो पोहे, म्हणून वर्षभर वेणी वाढवायचं ठरलं. बाहेर एक कप कॉफी म्हणजे पाच किलो, म्हणून कॉफी बाद. एका खोलीचं महिन्याचं भाडं काढलं तेव्हा बाई चष्मा काढून म्हणाल्या, "एवढे पोहे तर गिरणीतही एका वेळी नसतात." मी म्हटलं, बाई, राहू द्या. त्या म्हणाल्या, "राहू कसं द्या, खोली तर लागणारच. वहीतून बसचा पास खोडून टाक."

पास खोडल्यावर अंदाजपत्रक कसंबसं बसलं, पण त्यातून एक नवीच अडचण निघाली. तिथे सगळे सायकलवर फिरतात, आणि बाईंना सायकल येत नव्हती.

साठीला आलेल्या बाईंना सायकल शिकवायचं काम माझ्याकडे आलं, कारण दुकान नऊला उघडतं आणि त्या आधी मी रिकामा असतो, हे त्यांना माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सलवार-कमीज शिवून घेतला. शाळेच्या मैदानावर सकाळी साडेसहाला मी मागून कॅरियर धरायचो आणि बाई पुढे बघून सूचना द्यायच्या, मला. चौथ्या दिवसापासून प्रेक्षक जमू लागले. फिरायला येणारे निवृत्त लोक बाकावर बसून मतं द्यायचे, एका गृहस्थांनी तर थर्मासमधून चहा आणायला सुरुवात केली. बाई तीनदा पडल्या. प्रत्येक वेळी उठून, धूळ झटकून, जमीन कोणत्या प्रकारची आहे ते सांगत. तीन आठवड्यांत मात्र त्या मैदानाला सरळ फेऱ्या मारायला लागल्या. उतरायचं असलं की मी पळत जाऊन सायकल धरायचो. उतरणं हा सायकलचा स्वतंत्र भाग आहे, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

ते ध्यानात आलं रस्त्यावर. त्या सकाळी बाई म्हणाल्या, आज धाटावच्या फाट्यापर्यंत जाऊन येऊ. मी स्कूटरवर मागून निघालो. बाई झकास चालल्या होत्या, ओढणी मागे उडत होती. फाटा आला आणि गेला. मी स्कूटर बरोबरीला घेऊन म्हटलं, बाई, थांबा आता. त्या समोर बघत शांतपणे म्हणाल्या, "कसं?"

मी म्हटलं ब्रेक दाबा. त्या म्हणाल्या, दाबला की मी एका बाजूला कलते, ते माझं पाहून झालंय. मी सायकल धरायची म्हटलं, तर स्कूटर कोण धरणार? तेवढ्यात कंपनीच्या पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या सुरू झाल्या. बसमधले निम्मे लोक बाईंचे विद्यार्थी. खिडक्यांतून हात बाहेर आले, नमस्कार व्हायला लागले, आणि बाई हात न सोडता नुसती मान डोलावत, प्रत्येकाचा नंबर पुकारत पुढे. मी दोनदा पुढे जाऊन स्कूटर लावून उभा राहिलो, पण मी आडवा आलेला दिसलो की त्या घाबरून मला वळसा घालायच्या. असं करत करत आम्ही कोलाडला पोचलो. पुढे मुंबई-गोवा महामार्ग होता, त्यावर ट्रक धावत होते, आणि मी हॉर्न दाबतच सुटलो. नाक्याच्या अलीकडे एक मिसळीचं हॉटेल आहे. मालक बाहेर उभा राहून कढईला सांडशी लावत होता. बाईंनी त्याला लांबून ओळखलं आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं, "सात नंबर, काम टाक आणि मला मागून धर." बावीस वर्षांनी ऐकलेला तो आवाज. त्याने खरोखर कढई टाकली आणि धावत जाऊन कॅरियर पकडला. बाई उतरल्या, घाम पुसला, मिसळ मागवली. चेहरा असा काही फुलला होता की तसा तो मी शाळेत एकदाही पाहिला नव्हता. "एकतीस," त्या म्हणाल्या, "मी बारा किलोमीटर आले."

सायकल झाली, इंग्रजीची परीक्षा झाली, प्रवेशाचं पत्रही आलं. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत त्यांना एखादा प्रवास वर्णन करायला सांगितला होता, त्यांनी हाच केला. अडलं एकाच ठिकाणी. विद्यापीठाला वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी दाखवायची होती. बाईंचे निवृत्तीचे पैसे थोडे कमी पडत होते. वडिलांची वरच्या बाजूची, पाणी न शिरलेली जमीन विकून आलेले पैसे बँकेत होते, पण ते दोघी बहिणींच्या नावावर, आणि सही दोघींची हवी. धाकट्या बहिणीचं पेणला पापडांचं काम आहे. ती एकटी, बाई एकट्या. रोज संध्याकाळी दोघी फोनवर बोलायच्या. हिने सही मागितली आणि तिने फोन ठेवून दिला. बावीस दिवस फोन नाही. बाईंनी वही माझ्या दुकानात आणून ठेवली. घरात दिसायला नको, म्हणाल्या. सकाळी मैदानावर यायचंही बंद केलं. बाकावरचे लोक मला विचारायला लागले आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो.

रक्कम दाखवायची मुदत संपायला पाच दिवस उरले होते तेव्हा दुपारच्या एसटीने बहीण स्वतः आली. मी तिला आधी पाहिलं नव्हतं, पण नाक तेच होतं. तिने काउंटरवर पिशवी ठेवली आणि विचारलं, "तायचे फॉर्म तूच भरतोस ना?" मी हो म्हटलं.

"तिकडं बांध फुटला तर काय करतात?"

मी म्हटलं, मला नाही माहीत. बाईंनाही नक्की माहीत नसावं, तेच तर त्या शिकणार आहेत.

ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, बांध फुटला तेव्हा मी पाच वर्षांची व्हते. बाबा तीन दिवस चिखल टाकत व्हते, आणि ताय त्यांना विचारत व्हती, पाणी कुठून येतंय, किती येतंय. मला वाटायचं हिला रडू कसं नाय येत. "मला भीती पैशांची नाय रे," ती म्हणाली. "ती तिकडं ऱ्हायली तर मी संध्याकाळी बोलू कोणाशी?"

मी तिच्यासाठी चहा सांगितला आणि तिच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल कसा लावायचा ते दाखवलं. समोरच्या माणसाचं तोंड दिसतं याची तिने दोनदा खात्री करून घेतली. मग पिशवीतून बँकेचा फॉर्म काढला. सही घरूनच करून आणली होती.

ऑगस्टच्या अखेरीस आम्ही तिघं विमानतळावर निघालो. पेणच्या रस्त्यावर गणपतींच्या टेम्पोंची रांग लागली होती, त्यामुळे गाडी खूप वेळ उभीच राहिली. दोघी बहिणी मागच्या सीटवर एकमेकींचा हात धरून, भांडत बसल्या होत्या. पापड किती घ्यायचे यावरून. विमानतळाच्या दाराशी आल्यावर बहिणीने डोळ्यांना पदर लावला आणि बाई माझ्याकडे वळल्या. आभार मानतील असं वाटून मी आधीच संकोचलो होतो.

त्या म्हणाल्या, "आठवीत मी तुम्हा सगळ्यांना विचारलं होतं, जगात कुठे जायला आवडेल. तू काय लिहिलं होतंस रे?"

मी म्हटलं, आठवत नाही बाई.

"मलाही आठवत नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला, जणू चूक त्यांचीच होती. "आठवलं तर कळव." मग पासपोर्ट हातात घट्ट धरून त्या आत गेल्या. मागे वळून पाहिलं नाही. बहीण म्हणाली, पाहिलं असतं तर परत आली असती.

दोघी आता रोज संध्याकाळी एकमेकींची तोंडं बघून बोलतात. मला मधूनमधून बाईंचा निरोप येतो, कधी बांधावर चरणाऱ्या मेंढ्यांचा फोटो, कधी चिखलाचा. दुपारी दोन ते चार दुकानात कोणी नसतं. तेव्हा मी कॉम्प्युटरवर जगाचा नकाशा उघडतो आणि एकेका देशाचं नाव हळूच वाचत जातो. अजून आठवलेलं नाही.