मोडलेला ओटा

चंद्रभागाबाई सभेत कधी बोलल्या नव्हत्या. शाळेत पोरांचं दुपारचं जेवण रांधण्यात त्यांची उमर गेली, आणि तिथंही कुणी ताट सांडलं तरच त्यांचा आवाज ऐकू यायचा. पण त्या दिवशी नगरपालिकेची माणसं विहारासमोरच्या मांडवात येऊन बसली होती. आणखी वीस वर्षांनी आदिलाबाद कसं असावं ते वस्तीनंच सांगावं, म्हणजे आराखड्यात घालता येईल, असं साहेब तेलुगूत म्हणत होते. चंद्रभागाबाईंचा मुलगा हर्षदीप, गुडीहत्नूरच्या शाळेतला मास्तर, ते मराठीत सांगत होता. मग काय विचारता! नुसतं मागायचंच म्हटल्यावर कुणी हात आखडता घेतला नाही. कुणी विमानतळ मागितला, कुणी तलाव, आणि एकाला तर त्या तलावात बोटीही हव्या होत्या.

शेवटी चंद्रभागाबाई उभ्या राहिल्या. "आमच्या गल्लीत दवाखान्याची गाडी दारापर्यंत याले पाह्यजे," एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्या असं का म्हणतात ते मांडवात सगळ्यांना ठाऊक होतं.

मागच्या पावसाळ्यात भरदुपारी त्यांच्या नवऱ्याच्या, धोंडीबांच्या, छातीत कळ आली होती. गाडी वेळेवर आली, पण मोठ्या रस्त्यावरच थांबली. गल्लीत दोन्ही बाजूंनी घरांचे ओटे इतके पुढे आलेले की त्यातून बाजच जेमतेम निघायची. चौघांनी बाज उचलली. "किती राह्यलं वं?" धोंडीबांनी विचारलं. "आलंच," त्या म्हणाल्या. अर्धी गल्लीही सरली नव्हती. गाडीपर्यंत पोचायच्या आत धोंडीबा गेले. उभ्या संसारात त्या त्यांच्याशी कधी खोटं बोलल्या नव्हत्या, आणि शेवटचा शब्द तेवढा खोटा निघाला. ही बोच काही केल्या जाईना.

साहेबांनी नकाशावर गल्ली रुंद करून दाखवली. प्रत्येकानं आपापला ओटा काढला की झालं, सरकारी हातोड्याची वाट कशाला पाहायची? सगळ्यांनी हात वर केले. चंद्रभागाबाईंच्या समोरच्या ओळीत, गल्लीच्या आतल्या टोकाला राहणाऱ्या चंपतरावांनी तर दोन्ही. एप्रिलातल्या जयंतीच्या आत ओटे काढायचे, असं एकमतानं ठरलं.

ठरलं म्हणजे ठरलं, असं मानणारी ही बाई. आधी दुसऱ्यांना तर काढू दे, असं हर्षदीपनं परोपरीनं सांगून पाहिलं, पण त्यांनी ऐकलं नाही. तो ओटा साधा नव्हता. जैनथची शेतमजुरी सोडून धोंडीबा शहरात आले, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहिल्या, आणि घराला दार लावायच्या आधी त्यांनी ओटा बांधला. गावात मालकाच्या ओट्यावर त्यांच्या माणसांना कधी बसता आलं नव्हतं. इथं संध्याकाळी ते पाय पसरून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत, बसा ना, आपलाच ओटा आहे. पहारीचा पहिला घाव पडला तेव्हा चंद्रभागाबाई घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. मग बाहेर येऊन स्वतःच दगड उचलू लागल्या.

जयंती आली, मिरवणूक निघून गेली, दुसरा एकही ओटा हलला नाही. न राहवून त्या चंपतरावांकडे गेल्या. ते ओट्यावरच बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

"वहिनी, माहा बाप जल्मभर लोकायच्या ओट्याखाली उभा राह्यला," ते म्हणाले. "हा मी काऊन तोडू?"

चंद्रभागाबाई आल्या पावली मागं फिरल्या. भांडायला आलेली बाई, पण हे दुःख तर त्यांच्याही घरचं होतं. घरी येऊन त्या खूप रडल्या. धोंडीबा गेले, ओटाही गेला आणि गल्ली होती तशीच राहिली. मोकळ्या झालेल्या जागेत शेजारच्या पोरांच्या मोटारसायकली उभ्या राहू लागल्या. त्यावरूनही त्या कुणाला बोलल्या नाहीत.

यंदा उन्हाळा कलताना चंपतराव घरात चालता चालता कोसळले. पुन्हा गाडी मोठ्या रस्त्यावर थांबली आणि पुन्हा बाज निघाली. माणूस अंगानं भारी. उचलणाऱ्यांत हर्षदीपही होता. ओट्यांवर आदळत, कलंडत बाज चंद्रभागाबाईंच्या दारापर्यंत आली तोवर चौघांचे हात गळून गेले होते. बाज टेकवायला सबंध गल्लीत तेवढीच जागा होती. हर्षदीपनं मोटारसायकली ढकलून बाजूला केल्या.

चंद्रभागाबाई पाणी घेऊन बाहेर आल्या. मनात राग नव्हता असं नाही, पण बाजेवरचं ते घामेजलेलं तोंड पाहिलं आणि तो कुठल्या कुठं गेला. चंपतरावांनी त्यांचा हात घट्ट धरला.

"वहिनी, किती राह्यलं?"

त्यांनी गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. ओटे दोन्हीकडून तसेच पुढे आलेले होते. त्यांच्या पलीकडे, खूप लांब, गाडीचा दिवा नुसता फिरताना दिसत होता.

"आलंच, भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून बाजेचा एक कोपरा त्यांनी स्वतः उचलला.