आबाजींच्या अक्षरावरची रेघ

वरठीच्या मेश्राम सरांच्या ओसरीत मी पहिल्यांदा गेले ती नर्सिंग पूर्ण करून, जपानला नोकरीला जायचे डोक्यात घेऊन. सर फळ्याशी उभे होते आणि स्वतःवरच चिडत होते. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेला त्यांचा हात जपानी ‘का’ काढून झाला की सवयीने त्याच्या डोक्यावर आडवी रेघ ओढून मोकळा होई. सर पुसत, पुन्हा लिहीत, आणि पुन्हा रेघ!

“माहा हात ऐकूनच नाही राहिला,” ते म्हणाले. “बस बाई, तू तरी नीट शीक.”

सर जपानी शिकले ते नातीसाठी. त्यांच्या कन्या प्रज्ञाताई नोकरीनिमित्त जपानला गेल्या आणि तिथेच संसाराला लागल्या. नात हाना जपानीच बोलते. तिच्याशी मध्ये कुणी न ठेवता बोलावे, एवढाच सरांचा हट्ट. मुळाक्षरे हाती येताच त्यांनी आम्हा मुलींचाही वर्ग सुरू केला.

उच्चारांबाबत सर फार कडक. ‘फु’ काही केल्या आम्हाला जमेना. “ओठ दाताले लावू नोको. चूल फुकतेस ना, तसा वारा सोड,” ते सांगत. त्यावर सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आतून म्हणत, “पोरींले चूल फुकाले लावता, अन् घरी गॅस हाये!” सर्वांत मोठ्याने सरच हसत.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी आईसोबत शेतात, बांधीतल्या चिखलात असे आणि वर्ग बुडे. एके दुपारी सर सायकलने थेट शेताच्या बांधावर, धुऱ्यावर आले, काडीने ओल्या चिखलात अक्षरे काढून दाखवली आणि म्हणाले, “रोवणं होऊ दे. आम्ही थांबतो.” वर्ग खरोखरच माझ्यासाठी थांबला. असे गुरुजी मला दुसरे भेटले नाहीत.

हाना अजून एकदाही वरठीला आलेली नाही. सर व्हिडिओ कॉलवर तिला पाटीवर लिहून दाखवतात. घाईत रेघ पुसायची राहूनच जाते. कॉल संपला तरी फोन हातात धरून बसतात. “शब्द पोचते, पोरगी नाही येत मांडीवर,” असे एकदा म्हणाले.

मागल्या महिन्यात हानाने पडद्यासमोर कागद धरला. जपानी अक्षरांत ‘आबाजी’ लिहिले होते आणि वर सरळ, लांब रेघ. प्रज्ञाताई हसत म्हणाल्या, “बाबा, शाळेतल्या बाई पुसाले लावते, हे पोरगी ऐकत नाही. मनते, माहे आबाजी असंच लिहिते.”

सरांनी चष्मा काढला आणि आमच्यासमोर मोकळेपणाने रडले. तेव्हापासून ते फळ्यावरची रेघ पुसत नाहीत.

सरांना पंचाहत्तरी लागली आहे. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. मांडी घालून बसण्याइतके त्यांचे गुडघे शाबूत राहोत. आणि त्या मांडीत मावते आहे तोवरच हाना वरठीच्या स्टेशनवर उतरो.