जाळ्याचा झाडू, नग एक

सतरा वर्षं एकाच दफ्तरात काढली की किस्से साचतातच. झटकून टाकले तरी दुसऱ्या दिवशी तिथंच! मैत्रिणी म्हणतात, "लिहून काढ, लय हसायला येते." त्याईले येते. मले निम्म्यावर अजून राग येतो. पण सांगताना मीही हसते, काय करता!

आदिलाबादकडचं एक मंडळाचं, म्हणजे तुमच्याकडच्या तहसिलीचं, दफ्तर हाय. गावाचं नाव नाई सांगत, मले अजून नोकरी करायची हाय. आमी चौघं. हेडक्लार्क व्यंकटराव साहेब, टायपिस्ट ललिता, अटेंडर मल्लेश अन् मी, सुजाता. पहिले दहा वर्षं मी अटेंडर, म्हणजे शिपाई, होती. मग खात्याची परीक्षा पास केली अन् क्लार्क झाली. माही माय जिंदगीभर लोकांच्या वावरात निंदायला गेली. ती मुद्दाम दफ्तरात आली अन् माह्या खुर्चीला हात लावून पाह्यला. बसली नाई. बस म्हटलं तरी बसली नाई.

अन् या दफ्तरात सगळ्यात जास्त काय असेल तर कोळी!

*

मी क्लार्क झाली, त्याचा अकरावा दिवस. छतावरून एक कोळी थेट मोठ्या मॅडमच्या, म्हणजे आमच्या तहसीलदारांच्या, चहात पडला. ललिता किंचाळली, "अम्मो, सालेपुरुगु!" कोळ्याचं तेलुगू नाव मले त्या दिवशी पाठ झालं.

फवारा मारायची सोय नाई, कारण मॅडमले दमा. "काहीतरी नॅचरल करा," त्या म्हणाल्या अन् गेल्या. नॅचरल म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या माना माह्याकडं!

"साहेब, मी आता क्लार्क हाय," मी म्हटलं.

व्यंकटरावांनी शांतपणे स्टॉक रजिस्टर काढलं. दफ्तरातलं कपाट, घंटा, पाण्याचा माठ, हरेक वस्तू कोणाच्या तरी ताब्यात असते अन् तिच्यापुढं त्याची सही असते. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. जाळ्याचा झाडू, नग एक. पुढं माही सही, अटेंडर असतानाची.

"प्रमोशन तुमचं झालं. झाडूचं नाई झालं!"

सगळे पोट धरून हसले. मल्लेशले म्हटलं, बाबा, तू घे नावावर. तो म्हणे, "साहेबांनी सांगितलं तर आत्ता घेतो अक्का." साहेबांनी सात वर्षं सांगितलं नाई. मी लेखी अर्ज चारदा दिला. चारही वेळा शेरा एकच, 'पाहू'.

*

ललितानं यूट्यूबवर पाह्यलं की पुदिन्याचं तेल पाण्यात कालवून कोपऱ्यात मारलं की कोळी पळतात. बाटली तिनं आणली, स्टुलावर मी चढली. असा वास सुटला की पहाणीची, म्हणजे तुमच्याकडच्या सातबाऱ्याची, नक्कल घ्यायला आलेला एक म्हातारा खिडकीत तोंड घालून म्हणे, "बाई, खोकल्याच्या गोळ्या इथंच भेटतात काय?"

कोळी पळाले, खोटं कशाला बोलू. रेकॉर्ड रूममधून पळाले अन् माह्या टेबलावर आले.

"ओळखीच्या माणसाकडंच येणार ना!" व्यंकटराव म्हणाले. मी फाईल उघडून बसली. अक्षरं काही दिसत नव्हती.

*

मग साहेबांचा स्वतःचा उपाय. घरी लिंबाचं सरबत केलं होतं, त्याच्या उरल्यासुरल्या साली थैलीभर घेऊन आले. "लिंबाच्या वासाले कोळी टिकत नाई. सुजाता, ठेवून दे रॅकवर." फाईल मागायची असली की मी 'सुजाता मॅडम', अन् झाडूचं काम असलं की नुसती 'सुजाता'!

आठ दिवसांत मुंग्यांची रांग लागली. त्याईनं रजिस्टरांच्या पाठीचा डिंक खाऊन टाकला, पानं सुटून हातात आली. साहेबांनी मलेच मेमो दिला. 'सरकारी कागदाचं नुकसान काऊन झालं, खुलासा करा.'

मी खुलासा केला. 'साली साहेबांच्या घरच्या. मुंग्या सरकारी. माहा फक्त हात.'

त्याच्यावर लाल शाईनं 'उद्धट' लिहून त्यांनी तो फायलीत लावला. अजून हाय तिथं, कोणालाही दाखवते.

*

हा किस्सा मी घरी कधी सांगितला नाई.

बाजारहत्नूरकडची एक म्हातारी पहाणीचंच काही काम घेऊन आली होती. मी स्टुलावर, पदर खोचलेला, केसात जाळी. ती खालून म्हणे, "काय वं, क्लार्क मॅडम कुठं गेल्या?"

माह्या तोंडून निघून गेलं, "चहाला गेल्या. बसा, येतात."

खाली उतरली, नळावर हात-तोंड धुतलं, पदर सारखा केला अन् खुर्चीवर येऊन बसली. "बोला आजी."

म्हातारीनं काम सांगितलं, कागद दिले. मधी मधी माह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. जाताना दारात थांबली. "बाई, ते मघाशी स्टुलावर होती ते तुमची भैन होय काय?"

"हो," मी म्हटलं. "लहान हाय माह्याहून."

*

कडुलिंबाच्या धुरीचा किस्सा मल्लेशचा. त्यानं घमेल्यात वाळला पाला पेटवला अन् रेकॉर्ड रूममध्ये ठेवून दार लावून घेतलं. थोड्या वेळानं दाराच्या फटीतून धूरच धूर! "आग! आग!" कोणीतरी बोंब मारली अन् सगळे बाहेर पळाले.

बाहेर आल्यावर पाह्यलं तर साहेबांच्या हातात जेवणाचा डबा, ललिताच्या हातात पर्स, अन् माह्या हातात माहं सर्व्हिस बुक.

"काऊन वं, त्यात सोनं हाय काय?" साहेब हसले.

सोनंच हाय. मी क्लार्क हाय हे जगात तेवढ्या एकाच जागी लिहिलेलं हाय. स्टॉक रजिस्टर मात्र मी मुद्दाम आत ठेवून आली होती. ते काही जळलं नाई!

*

सगळ्या दफ्तरातली जाळी मी काढली, पण एक काढलं नाई. साहेबांच्या खुर्चीमागं, वर, स्टाफच्या नावांचा फळा हाय. त्यात अगदी खालच्या ओळीत, अटेंडरच्या रकान्यात, माहं नाव. पेंटर आला की बदलू म्हणता म्हणता पेंटर दोनदा येऊन गेला, भिंती रंगवून गेला. त्या ओळीवर एका कोळ्यानं असं घट्ट जाळं विणलं की नाव दिसतच नव्हतं. मी त्याले कधी तेल लावलं नाई, धुरी दिली नाई.

"तेवढं काऊन राह्यलं?" साहेब विचारायचे.

"तो कोळी जुना हाय साहेब. कशानंच जात नाई."

*

अन् मग व्यंकटराव साहेब रिटायर झाले. त्यांचा चार्ज माह्याकडं आला. सकाळी बसून एक-एक किल्ली, एक-एक रजिस्टर मोजून घेतलं. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. शेवटी मी अजून एक पान पुढं केलं. "इथं एक करा साहेब." माहा एकही अर्ज त्यांनी सात वर्षांत कधी वाचला नव्हता. ते पानही नाई वाचलं.

चार वाजता सत्कार. शाल, हार, नारळ, पेढे. मोठ्या मॅडम आल्या, साहेबांच्या घरची मंडळी आली. साहेब बोलायला उठले. "हे दफ्तर स्वच्छ राह्यलं ते आमच्या सुजातामुळं. यांच्या लोकांच्या हातालाच तो गुण असते. पिढीजात!"

टाळ्या पडल्या. ललितानं खाली पाह्यलं.

"सुजाता मॅडम, तुमी पण दोन शब्द बोला," मोठ्या मॅडम म्हणाल्या.

मी उठली. भाषण काही लिहून आणलं नव्हतं. स्टॉक रजिस्टर उघडलं अन् वाचलं.

"जाळ्याचा झाडू, नग एक. ताबा, व्यंकटराव साहेब. आजची तारीख, साहेबांची सही."

कोणी हसलं नाई. मी घड्याळाकडं पाह्यलं. साडेचार झाले होते.

"साहेब, पाच वाजेपर्यंत तुमी नोकरीत हाय. तुमच्या मागच्या फळ्यावरचं जाळं तेवढं राह्यलं."

मल्लेश कोणी न सांगता उठला, रेकॉर्ड रूममधून स्टूल घेऊन आला अन् साहेबांच्या पुढं ठेवलं.